अनवाणी मॅरेथॉन ते भरतीचं ग्राऊंड: पळणाऱ्यांच्या पायाचा इतिहास

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा इअरफोन परत एका बाजूनं गेलाय, त्यांच्यासाठी हा भागाचा लेखी उतारा. बोलताना मध्येमध्ये येणारं ‘म्हणजे’, ‘काय ना’ थोडं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय. आणि आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसा कोड लिहितो, रात्री जुनी पुस्तकं आणि रिसर्च पेपर वाचतो. त्यामुळं हा इतिहासाचा भाग आहे, औषधाची चिठ्ठी नाही.

आमच्या गेवराईत पहाटे पाचला बाहेर पडलात तर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक दूधवाले आणि दुसरी भरतीची पोरं-पोरी. धुळे-सोलापूर हायवेच्या कडेनं, कॉलेजच्या मैदानावर, पैठणच्या उजव्या कालव्याच्या कच्च्या रस्त्यानं ही मंडळी पळत असतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण, त्यातले २० पोरांना १६०० मीटरचे आणि पोरींना ८०० मीटरचे. काही सेकंद इकडं-तिकडं झाले की गुण बदलतात, आणि मेरिट अर्ध्या-एका गुणावर लागतं. वयाची मर्यादा डोक्यावर असते. घरी ऊसतोडीला जाणारे आई-बाप असतील तर ती वर्दी म्हणजे काय असते, हे बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता या सगळ्याचा भार नेमका कशावर येतो? दोन घोटे, दोन टाचा आणि पावलातली बोटाएवढी बारीक हाडं. त्यांचाच आज इतिहास.

१९१९ च्या पुण्यात जाऊया. डेक्कन जिमखाना १९०६ साली सुरू झालेला, आणि त्या वेळी त्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा, म्हणजे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. जिमखान्याच्या खेळांत त्यांना जे दिसलं, ते त्यांनी दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रात कळवलं. त्याचा मतलब असा: पळणारी पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, शेतात राबणारी, साधं खाणारी. नियम माहीत नाहीत, ट्रेनिंग नावाची गोष्ट नाही. मैदान छोटं आणि रोलर न फिरवलेल्या गवताचं, त्यामुळं १०० यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घ्यायचा बेत. आणि मुख्य आकर्षण म्हणजे साधारण २५ मैलांची लांब शर्यत. ही पोरं ती अनवाणी पळत. रस्ता एक तर मातीचा, नाही तर खडी दाबून पक्का केलेला. तरीही पहिले तीन-चार जण ज्या वेळेत पोचले, ती वेळ युरोपातल्या धावपटूंच्या तोडीची होती. हे बघून दोराबजींच्या मनात आलं की यांना ऑलिंपिकला पाठवायला हवं.

आणि पाठवलं. १९२० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्पला जे छोटं भारतीय पथक गेलं त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइननं ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. आपले चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी, प्रशिक्षणाची परंपरा नसलेल्या देशातून जाऊन एकोणिसावे! आपल्याकडं हे नाव किती जणांना माहीत आहे, ते आज घरी विचारून बघा. त्यांच्याबरोबर मॅरेथॉनला उतरलेले सदाशिव दातार मात्र शर्यत पुरी करू शकले नाहीत.

ही गोष्ट सांगितली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बघ, पूर्वीची माणसं अनवाणी पळायची, काही होत नव्हतं. हे बुटाचं फॅड आत्ताचं.’ इथं मला थोडं थांबवायचंय. दोराबजींनी वेळ लिहिली ती पहिल्या तीन-चार जणांची. जे पोर आठव्या मैलावर दगडावर घोटा मुरगळून रस्त्याच्या कडेला बसलं, त्याची वेळ कोण लिहिणार? आमच्या कामात हे रोज घडतं. जी रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही, तिची लॉगमध्ये नोंद नसते. मग लॉग बघून वाटतं, सिस्टम एकदम छान चाललीय.

पण दुसरी बाजूही खरी आहे. त्या पोरांचा पाय लहानपणापासून ढेकळं, काटे, खडी ओळखत होता. तळव्याची कातडी जाड, पावलातले बारीक स्नायू मजबूत, आणि घोट्याला रोज वेड्यावाकड्या जमिनीचा सराव. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशीच डोंगरवाटांवर अनवाणी पळत तयार झाली आणि २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला तिनं कांस्यपदक घेतलं. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. मिळालेले बूट पायाला बसेनात, आणि अनवाणी पळायची सवय होतीच, म्हणून बूट नाही घातले. ही अर्धी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. उरलेली अर्धी अशी की चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत परत जिंकला. म्हणजे जिंकणारा बूटही नव्हता आणि बुटाचा अभावही नव्हता.

आता उडी मारून २००९-१० ला येऊ, कारण तेव्हा एक मोठा प्रयोग झाला, ज्यात जगभरचे हजारो पळणारे स्वतःच उंदीर बनले. ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक आलं, त्यात मेक्सिकोतल्या पातळ सपाता घालून डोंगर पालथे घालणाऱ्या आदिवासींची कहाणी. २०१० च्या जानेवारीत हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा पेपर ‘नेचर’मध्ये छापून आला. त्याचा सार असा: अनवाणी पळण्यात मुरलेली माणसं बऱ्याचदा पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यामुळं टाच आपटल्याचा एकदम बसणारा दणका टळतो. पेपर चांगला होता. पण त्यात ‘उद्यापासून बूट फेका’ असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. लोकांनी मात्र तेच वाचलं. पाच बोटांचे, हातमोज्यासारखे दिसणारे ‘फाइव्हफिंगर्स’ बूट धडाधड खपले.

मग २०१३ मध्ये एका अमेरिकी गटानं अनुभवी हौशी धावपटू घेतले, एकूण ३६. निम्म्यांना नेहमीचे बूट ठेवले आणि निम्म्यांना दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या बुटांवर आणलं. आधी आणि नंतर पावलांचा एमआरआय. नव्या बुटांच्या १९ जणांपैकी १० जणांच्या पावलाच्या हाडात आतून सूज वाढलेली दिसली, काहींचं प्रकरण थेट तडा जाण्यापर्यंत गेलं. जुने बूट ठेवलेल्या १७ जणांत असा एकच. लक्षात घ्या, ही नवखी माणसं नव्हती. दहा आठवडे म्हणजे ‘हळूहळू’ असं त्यांना वाटत होतं. हाडाचं मत वेगळं निघालं. २०१४ मध्ये त्या बुटांच्या कंपनीनं फायद्याच्या दाव्यांवरून झालेला खटला सुमारे ३७.५ लाख डॉलर बाजूला ठेवून मिटवला.

बूटवाल्यांनीही लगेच हसू नये. दुकानात पायाचा ठसा घेऊन ‘तुमचा पाय सपाट आहे, तुम्हाला हा बूट’ असं सांगतात ना, ते अमेरिकी लष्करानं तपासून बघितलं. साधारण २००९-१० च्या सुमारास भूदल, हवाई दल आणि मरीन, तिन्हीकडच्या रिक्रूटांवर. तळव्याच्या कमानीप्रमाणं बूट दिले काय आणि सगळ्यांना सारखे दिले काय, दुखापतींच्या आकड्यात फरक पडला नाही. म्हणून भरतीच्या पोरांना माझं सांगणं, महागडा बूट नाही म्हणून रडू नका. पण ग्राऊंडच्या आदल्या आठवड्यात मित्राचे नवेकोरे स्पाईक घालून पळू पण नका. ज्या बुटात तीन महिने पळालात, त्यातच पळा.

लष्कराचा विषय निघालाच आहे, तर आता १८५५ मध्ये जाऊ. या भागातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तुकडा हाच आहे. प्रशियात, म्हणजे आजच्या जर्मनीत, ब्राइटहाउप्ट नावाचे एक लष्करी सर्जन होते. त्यांच्याकडं जवान यायचे, लांब मार्च करून आलेले, पावलं सुजलेली, टेकवत नाहीत. मार लागलेला नाही, कुठं पडलेले नाहीत. त्यांनी या दुखण्याचं वर्णन लिहून ठेवलं. पण हाडाच्या आत बघायची सोय नव्हती, म्हणून तो मऊ भागाचा दाह समजला गेला. १८९५ मध्ये रॉन्टगेननं एक्स-रे शोधला आणि १८९७ मध्ये श्टेखोव यांनी अशाच सुजलेल्या पावलांचे एक्स-रे काढले. बोटांच्या मागच्या लांब हाडांना चक्क फ्रॅक्चर! बेचाळीस वर्षं जी ‘नुसती सूज’ होती, ती मोडलेली हाडं होती. त्याला पुढं ‘मार्च फ्रॅक्चर’ नाव पडलं, आज ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात.

हाड म्हणजे लाकडाचा दांडका नाही. त्यात सतत दुरुस्ती चालू असते. भार वाढला की शरीर आधी जुना भाग खोदून काढतं आणि मग नवा, जास्त मजबूत भाग भरतं. रस्त्याचं काम डोळ्यांसमोर आणा: आधी खोदतात, डांबर नंतर येतं. मधले काही आठवडे रस्ता आधीपेक्षा वाईट असतो. भरतीची जाहिरात आली, पोरगं घरी बसलेलं होतं ते एकदम रोज सकाळ-संध्याकाळ पळायला लागलं, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड नेमकं त्या खोदलेल्या अवस्थेत असतं. दम वाढलेला असतो, पोटऱ्या तयार झालेल्या असतात, पोराला वाटतं आता खरी मजा. आणि तेव्हाच नडगी बोलायला लागते. १८५५ चा प्रशियन जवान आणि आपल्या कालव्यावरचं पोरगं यांच्यात यापुरता काही फरक नाही. दोघांनाही कुणीतरी तारीख दिलेली होती.

आम्हाला येणाऱ्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे: ‘दादा, नडगी दुखतेय, ग्राऊंड तीन आठवड्यांवर आहे, गोळी खाऊन पळू का?’ तर भावा, आधी बोटानं दाबून बघ. नडगीच्या आतल्या कडेनं वीतभर पट्टा दुखत असेल, पळायला लागल्यावर दुखून मग थोडं कमी होत असेल, तर बहुतेक तो हाडाच्या कडेचा ताण असतो. पळणं निम्म्यावर आणलं, मऊ जमिनीवर आलं, की बऱ्याचदा बसतो. पण एकाच टोकाला, बोटाच्या पेराएवढ्या जागी कळ येत असेल, पळताना ती वाढतच जात असेल, रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर पळणं बंद आणि हाडांचे डॉक्टर. तिथं आणखी एक अडचण आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये हा तडा बऱ्याचदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पोरगं खूश होऊन परत पळतं. म्हणून डॉक्टरांना सांगायचं, ‘मी भरतीचं पळतोय, इतक्या आठवड्यांपासून, रोज इतकं.’ ती माहिती एक्स-रेइतकीच कामाची आहे. वेळेत थांबलं तर पावलातल्या बहुतेक तड्यांना सहा ते आठ आठवडे लागतात. न थांबता दुखणं मारायची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळालं, तर तडा पूर्ण मोडू शकतो. घोट्याच्या पुढचं पावलाच्या कमानीवरचं हाड आणि नडगीचा समोरचा भाग, या दोन जागा तर फार हट्टी, तिथं महिनोन्‌महिने जातात. एक भरती हुकणं वाईटच, पण त्या गोळीपायी पुढच्याही दोन हुकू शकतात.

पोरींसाठी वेगळं सांगतो, कारण हे ग्राऊंडवर कुणी बोलत नाही. पळणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं, किंवा वजन कमी करायचं म्हणून भाकरी कमी केली, तर पाळी पुढं जाते किंवा बंद होते. बऱ्याच जणींना ती सुटका वाटते. प्रत्यक्षात तो हाडं कमजोर होत असल्याचा इशारा आहे. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि मुख्य म्हणजे पोटभर खा. हे पोरांनाही लागू आहे, फक्त त्यांच्या शरीराकडं इशारा द्यायची इतकी स्पष्ट सोय नाही.

आता मुरगळलेला घोटा. हा विषय आपल्याकडं जुना आणि रंगतदार. आंबेहळदीचा लेप, गरम विटेचा शेक, हाडवैद्याकडं जाऊन ओढून घेणं. उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणारे लोक तर मी अजूनही बघतो. लेपाबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्यानं निदान माणूस दोन तास एका जागी बसतो. ताजा घोटा जोरात चोळणं आणि ओढणं मात्र खरंच वाईट. आत लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, फाटलेला असतो. त्याला अजून कशाला ओढायचं?

शहाण्यासुरत्या वैद्यकशास्त्राचा इतिहासही काही फार सरळ नाही बरं का. १९७८ मध्ये अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी एक सूत्र दिलं: आराम, बर्फ, घट्ट पट्टी, पाय उंच. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘राइस’. जगभरच्या पीटी शिक्षकांनी ते पाठ केलं. ३६ वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच मर्किन यांनी लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं. सूज म्हणजे शरीराची दुरुस्तीची गाडी, तिलाच अडवून कसं चालेल, असा तो विचार. स्वतःच्या नावावर चाललेलं सूत्र स्वतःच मागं घेणारी माणसं कमी असतात, म्हणून मला हे मर्किन आवडतात. आज बर्फाबद्दल एवढंच म्हणता येईल की त्यानं कळ कमी होते. बरं व्हायचं काम चालण्यानं, म्हणजे झेपेल तेवढा भार लवकर द्यायला लागण्यानं होतं.

प्लास्टरचंही तसंच. बरीच वर्षं घोटा मुरगळला की सरसकट प्लास्टर. मग अभ्यास आले की पट्टी बांधून लवकर हलवलेला घोटा लवकर कामाला लागतो, आणि प्लास्टर मागं पडलं. पण २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनचा ५८४ रुग्णांचा अभ्यास आला, फक्त जोरात मुरगळलेल्यांचा, ज्यांना पायच टेकवत नव्हता. त्यात गुडघ्याखाली दहा दिवस प्लास्टर ठेवलेले लोक तीन महिन्यांनी साध्या पट्टीवाल्यांपेक्षा चांगले होते. नऊ महिन्यांनी सगळे सारखेच. म्हणजे साधं मुरगळणं असेल तर लवकर हलवा, जोराचं असेल तर थोडे दिवस नीट धरून ठेवा आणि मग हलवा. असलं ‘डिपेंड्स’वालं उत्तर कुणाला आवडत नाही, पण आहे ते असं आहे.

मग प्रश्न येतो, मुरगळलंय की मोडलंय? याचं उत्तर ज्यांनी सोपं केलं ते कॅनडातल्या ओटावाचे डॉक्टर इयन स्टील आणि त्यांचे सहकारी. १९९२ मध्ये त्यांनी काही साधे नियम दिले. घोट्याला बाहेरून आणि आतून दोन उंचवटे असतात. त्यांच्या मागच्या कडेनं, टोकापासून वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत, हाड दाबून बघायचं. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध करंगळीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांपैकी कुठंही हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकलेलं पाऊल पण धरायचं. यातलं काहीच नसेल तर फ्रॅक्चरची शक्यता फार कमी. पुढं १५ हजारांहून जास्त रुग्णांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा या नियमांनी दोन टक्क्यांपेक्षा कमी फ्रॅक्चर सुटली. लहान पोरं, दारू प्यायलेला माणूस, किंवा शुगरमुळं पायाची जाणीव कमी झालेला माणूस, यांना हे लावू नका. यासाठी ना अ‍ॅप लागतं, ना रेंज. कालव्यावर मित्राचा पाय मुरगळला तर अंगठ्यानं तपासता येतं. मला तर हे गेल्या पन्नास वर्षांतलं सगळ्यात सुंदर मेडिकल ‘इफ-एल्स’ वाटतं.

घोट्याची गोष्ट निघाली आणि आपल्या जिल्ह्याच्या माणसाचं नाव घेतलं नाही तर चालणार नाही. अविनाश साबळे, आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. शेतकऱ्याचा पोरगा, शाळा सहा किलोमीटरवर, बारावीनंतर फौजेत, महार रेजिमेंट. स्टीपलचेजला तो २०१७ मध्ये आला. स्टीपलचेज म्हणजे ३००० मीटर, त्यात जवळपास तीन फूट उंचीचे न हलणारे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी. पस्तीस वेळा एका पायावर उतरायचं, दमलेलं असताना, ओल्या बुटात. २०१८ मध्ये घोटा दुखावला आणि त्या वर्षीची एशियन गेम्स हुकली. पण त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, ८ मिनिटं २९.८० सेकंद. हुकलेली एशियन गेम्स पाच वर्षांनी परत आली, २०२३ ला हांगझोऊमध्ये, आणि तिथं ८ मिनिटं १९.५० सेकंदांत सुवर्ण. पुढं २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीवरच पडून त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि ऑपरेशन करावं लागलं. देशातल्या सगळ्यात भारी ट्रेनिंगमधल्या माणसाचंही हे होतं. तेव्हा दुखापत झालेल्या पोराला ‘तूच नाजूक’ म्हणणारे कोच मला पटत नाहीत.

दुखापत होऊच नये म्हणून काय करायचं, याबद्दल सगळ्यात प्रसिद्ध सल्ला म्हणजे ‘आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका’. हा नियम गोड आहे, पण नेदरलँडमध्ये नवख्या पळणाऱ्यांवर तो तपासला. एका गटाला १३ आठवड्यांत सावकाश वाढवलं, दुसऱ्याला नेहमीच्या ८ आठवड्यांत. दोन्हीकडं दर पाचांतला एक जण दुखावला. फरक शून्य! मग २०२५ मध्ये घड्याळांच्या डेटावर मोठा अभ्यास आला, ५,२०० च्या वर पळणारे, दीड वर्ष. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका दिवसाची उडी महत्त्वाची निघाली. गेल्या तीस दिवसांतलं तुमचं सगळ्यात लांब पळणं जेवढं, त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त एका दिवशी पळालात की धोका वाढतो. एकदम दुप्पट पळालात तर धोका दुपटीच्या वर. आपल्याकडं हे कधी होतं? रविवारी. सगळा ग्रुप जमतो, कुणीतरी म्हणतं ‘आज दहा मारू’, आणि आठवडाभर तीन किलोमीटर पळणारं पोरगं इज्जतीसाठी दहा मारतं. फोनमध्ये महिन्याचं सगळ्यात लांब पळणं बघा, त्यावर थोडंसं वाढवा, ग्रुपला पुढं जाऊ द्या.

टाचेच्या मागच्या जाड शिरेची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. स्वीडनचे हाडांचे डॉक्टर हाकन अल्फ्रेडसन स्वतः पळायचे आणि त्यांची हीच शीर दुखायची. त्यांनी साहेबांना सांगितलं, माझं ऑपरेशन करा. साहेब म्हणाले, एवढ्यासाठी करणार नाही. तेव्हा या गृहस्थांनी ठरवलं की शीर तोडूनच टाकायची, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून दुखऱ्या पायावर भार देत टाच खाली सोडायची, रोज, दुखलं तरी. शीर तुटायची सोडून बरी झाली! १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी पळणाऱ्यांवरचा पेपर छापला. बारा आठवड्यांत सगळे परत पळायला लागले. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांचं इतकं झकास झालं नाही, पण जगभर आजही याच व्यायामानं सुरुवात करतात. ताजं दुखणं असेल किंवा मागून कुणी दगड मारल्यासारखा ‘फट्’ आवाज आला असेल तर हे करू नका, तेव्हा थेट दवाखाना.

व्यायाम असा: घराच्या पायरीवर पावलाचा पुढचा भाग ठेवायचा, चांगल्या पायानं वर जायचं, दुखऱ्या पायावर हळूहळू टाच पायरीच्या खाली सोडायची. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, पंधराचे तीन गुडघा थोडा वाकवून, दिवसातून दोनदा. हिशेब केलात तर रोजचे १८०. आणि एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळू नये म्हणून नेदरलँडमध्येच ५२२ खेळाडूंवर घरच्या घरी करायचे तोल सांभाळण्याचे व्यायाम आठ आठवडे तपासले, परत मुरगळण्याचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी कमी झाला. सुरुवात एका पायावर उभं राहण्यापासून. ब्रश करताना एक मिनिट उजवा, एक मिनिट डावा. जमलं की डोळे मिटून, तेही जमलं की घडी केलेल्या चादरीवर उभं राहून. भिंतीजवळ करा, आणि फोन खाली ठेवा.